राहून गेलेला एच

तो एच माझ्याच हातून राहिला. कोर्टाची चूक नव्हती, टायपिस्टची नव्हती, कोणा अधिकाऱ्याचीही नव्हती. दत्तकाचा अर्ज मी स्वतः भरला होता, चष्मा लावून, एकेका चौकोनात एकेक इंग्रजी अक्षर. मुलीच्या पासपोर्टवर तिच्या नावाच्या शेवटी एच होता. मी ते नाव आपल्याकडे लिहितात तसं लिहिलं, एचशिवाय. कोर्टाचा हुकूम त्या अर्जावरून टाइप झाला, आणि वर्षभर ते कोणाच्याच नजरेला आलं नाही.

माझ्या तरी यायला हवं होतं. मी परळच्या एका हॉस्पिटलात रेकॉर्ड सेक्शनला आहे, एकवीस वर्षं झाली. खिडकीसमोर आलेल्या माणसाच्या कागदांतला फरक शोधायचा आणि त्याला परत पाठवायचं, हे माझं काम. “आधारवर डबल ए आहे, इथे सिंगल आहे. अफिडेविट करून आणा,” असं मी दिवसातून दहादा म्हणत असे, आणि बहुतेक वेळा मान वर न करता म्हणत असे.

मुलगी माझ्या धाकट्या बहिणीची. आम्ही दोघी घोडपदेवला वाढलो, एकाच अंथरुणात झोपलो, एकमेकींचे फ्रॉक घातले. ती दादरला एका ऑफिसात लागली तेव्हा हॉटेलचा कोर्स करायला आलेल्या एका मुलाशी तिची ओळख झाली. मुलगा मॉरिशसचा, पण मराठी. त्याचे खापरपणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यावर मजुरीला गेलेले. देव आपले, घरात गणपती बसायचा, बोली मात्र तिथली, क्रिओल. लग्न गिरगावात झालं आणि बहीण त्याच्याबरोबर निघून गेली. मुलगी जेमतेम वर्षाची असताना तो हार्टअटॅकने गेला. बहीण सासूपाशीच राहिली. ती दिवसभर नोकरीवर, मुलगी आजीजवळ. पुढे मुलगी पाच वर्षांची झाली आणि बहिणीच्या पोटात दुखायला लागलं. काय आहे ते कळलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात फारसं काही राहिलं नव्हतं.

तिचा फोन आला तेव्हा मी डबा खात होते.

“ताई, आईंच्याने आता जिना चढवत नाही,” ती म्हणाली. आई म्हणजे तिची सासू. “त्यांचं वय झालंय. तू नेशील ना हिला?”

“असलं काही बोलू नकोस. बरी होशील.”

“हे उत्तर नाही झालं, ताई.”

मी म्हटलं, “नेईन.” एवढंच. त्यानंतर ती सात आठवडे होती.

आम्हाला मूल नव्हतं. लग्नाला सतरा वर्षं झाली होती आणि त्या विषयावर बोलणं आम्ही कधीच बंद केलं होतं. माझा नवरा लिफ्ट मेकॅनिक आहे, मूळचा मालवणकडचा, बोलायला कमी. मी त्याला सांगितलं तेव्हा तो पान्हे पुसत बसला होता. थोडा वेळ पुसतच राहिला, मग म्हणाला, “खिडकीक जाळी लावक व्हयी. अकरावो मजलो हा.” त्याचा होकार असा आला.

मला वाटलं होतं, सख्खी भाची आहे, जाऊन घेऊन यायचं. तसं नसतं. परदेशातलं मूल दत्तक घ्यायचं म्हणजे आधी दिल्लीची परवानगी, मग तिथल्या कोर्टाचा हुकूम, मग आपल्या वकिलातीचा व्हिसा. एक समाजसेविका लालबागला घरी येऊन स्वयंपाकघर, संडास, खिडक्या आणि आमचे चेहरे पाहून गेली. मी दोनदा मॉरिशसला जाऊन आले. दुसऱ्या खेपेला त्या आजीने न्यायाधीशासमोर संमतीवर सही केली आणि सही झाल्यावर पेन खाली ठेवायचं विसरून गेली. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. एका लाल बॅगेसह मी तिला घेऊन आले. पासपोर्ट तिचा तिथलाच. आपल्याकडे राहायला एक वर्षाचा व्हिसा. ते वर्ष संपायच्या आत मुदतवाढ घ्यायची आणि मग पुढे कधीतरी नागरिकत्व, असा सगळा रस्ता होता.

तिला मराठी कळायचं. बहीण तिच्याशी मराठीतच बोलायची. पण आई गेल्यापासून तिने मराठी बोलणं बंद केलं होतं. जे काही बोलायची ते क्रिओलमध्ये, तेही थोडंसं. आल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत ती सारखी म्हणायची, “मो पेर.” खिडकीपाशी म्हणायची, लिफ्टचं दार मिटताना म्हणायची, खाली ढोल वाजले की म्हणायची. मी लालबागच्या मार्केटमधून पेर आणले, रसाळ बघून, पिवळे बघून. ती त्यांच्याकडे बघायची, माझं मन राखायला एक घास घ्यायची आणि बशीत ठेवून द्यायची. मी नवऱ्याला म्हटलं, तिकडचे पेर वेगळे असतील. त्याने दादरहून दुसरे आणले. असं बारा-तेरा दिवस चाललं. मग एकदा आजीशी व्हिडिओवर बोलताना मी सहज सांगितलं, “पेर फार मागते हो, पण खात नाही.”

आजी पडद्यावरून माझ्याकडे बघत राहिली. तिचं मराठी जुनं, कोकणातलं, मध्येच क्रिओल मिसळलेलं. “अगो बाय,” ती म्हणाली, “ती फळ नाय मागत. मो पेर म्हंजे मला भ्या वाटते.”

मी फोन ठेवून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. बारा दिवस पोर मला सांगत होती की मला भीती वाटते, आणि मी तिला फळं कापून देत होते.

त्यानंतर हळूहळू बरं होत गेलं. नवऱ्याने तिला लिफ्टच्या मशीनरूममध्ये नेऊन दोर कसा असतो, ब्रेक कसा लागतो ते दाखवलं, आणि लिफ्टची भीती गेली. शेजारच्या काकू, आमच्यासारख्याच जुन्या चाळीतून टॉवरमध्ये आलेल्या, तिला ‘चेडू’, म्हणजे पोरगी, म्हणायच्या आणि दुपारी सांभाळायच्या. दादरच्या शाळेत नाव घातलं. चार महिन्यांनी ती एके सकाळी मराठीत म्हणाली, “मावशी, वेणी घट्ट झाली.” मी वेणी सोडून पुन्हा घातली, सैल.

ती मला मावशीच म्हणायची. मी कधी बदलायला सांगितलं नाही.

व्हिसा संपायला बावीस दिवस होते तेव्हा मुदतवाढीसाठी आम्हाला परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या कार्यालयात बोलावलं. मी निर्धास्त होते. माझी फाइल म्हणजे फाइल होती, प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स, वर अनुक्रमणिका. टेबलामागचा अधिकारी चाळिशीचा, शांत माणूस होता. त्याने पासपोर्ट डाव्या हाताला ठेवला, हुकूम उजव्या हाताला, आणि दोन्हींवर एकेक बोट ठेवून थांबला. त्या थांबण्याचा अर्थ मला तो बोलायच्या आधीच कळला. खिडकीमागे मी स्वतः कितीदा तशी थांबले होते.

“मॅडम, नाव वेगळं आहे.”

“एक अक्षर आहे, सर. स्पेलिंगचा फरक.”

“बरोबर. पण कागदावर या दोन मुली झाल्या.” तो चिडला नव्हता, समजावून सांगत होता. “या पासपोर्टवरच्या मुलीशी तुमचं नातं दाखवणारा कागद नाही. आणि जी तुम्ही दत्तक घेतलीत ती कुठे आहे, ते मला कसं कळणार?”

“ही काय, इथे बसलीये.”

मुलगी माझ्या शेजारी बसून बुटाची पट्टी काढत-लावत होती. चर्र, चर्र आवाज येत होता.

“तिथल्या कोर्टाकडून दुरुस्ती आणा. बावीस दिवस आहेत.”

“आणि नाही आली तर?”

त्याने कागद नीट जुळवून माझ्याकडे सरकवले. “तर तिला बाहेर जावं लागेल. मग पुन्हा व्हिसा काढून यायचं.”

“किती दिवसांत?”

“ते तिथे ठरेल. मी इथून सांगू शकत नाही.”

बाहेर येऊन टॅक्सीत बसलो. टॅक्सीवाल्याने कुठे जायचं विचारलं आणि मला लालबाग हा शब्द सुचेना. मुलीनेच सांगितलं.

तेव्हापासूनचे दिवस मला नीट सलग आठवत नाहीत, तुकड्यातुकड्यांनी आठवतात. वकील भेटले, ते म्हणाले तिथल्या वकिलाला पत्र लिहा. तिथला वकील म्हणाला, अर्ज करतो, पण कोर्टाची तारीख माझ्या हातात नाही. मी रोज सकाळी उठून बोटांवर दिवस मोजायचे. एकवीस, वीस, एकोणीस. पोळ्या लाटताना मनात चित्र यायचं, विमानतळावर कोणीतरी हिचा हात धरून नेतंय आणि मला काचेपलीकडे थांबवलंय. माझ्याजवळ नागरिक म्हणून सगळं होतं, रेशनकार्ड, मतदानाचं कार्ड, आधार, पॅन. हिच्याजवळ फक्त एक परका पासपोर्ट आणि माझी एक चूक.

नवऱ्याला मी एक गोष्ट सांगितली नव्हती. चूक माझी आहे, हे. तो समजत होता की कोर्टाने चुकवलं.

एका संध्याकाळी बेल वाजली. दाराच्या काचेतून खाकी दिसलं. मी मुलीला मागच्या बाजूने, सामायिक गॅलरीतून, शेजारच्या काकूंकडे ढकललं. “आत बस. बोलावेपर्यंत बाहेर येऊ नकोस.” मग दार उघडलं.

हवालदार वयस्क होता, घामाघूम. पत्त्याच्या पडताळणीला आला होता. लिफ्ट कोणीतरी अडवून धरली होती म्हणून अकरा मजले चढून आला होता. त्याने पाणी मागितलं.

“मुलगी घरीच असते ना?”

“हो. म्हणजे आत्ता बाहेर गेलीये.”

“कुठे?”

“क्लासला.”

मला खोटं बोलायची काहीच गरज नव्हती. ती इथे राहते की नाही एवढंच त्याला बघायचं होतं. तिला बघितलं असतं तर उलट काम सोपं झालं असतं. पण भीतीत माणूस गुन्हेगारासारखंच वागतो. त्याने भिंतीवरचा शाळेचा फोटो पाहिला, शेजारणीची सही घेतली आणि गेला. काकूंनी सही केली ती आपल्या घराचं दार अर्धंच उघडून.

तो लिफ्टमध्ये शिरल्यावर मी त्यांच्याकडे गेले. मुलगी स्वयंपाकघरात, तांदळाच्या पिंपाशेजारी जमिनीवर बसली होती. पाठीला शाळेचं दप्तर. छातीवरचा पट्टासुद्धा लावलेला.

“दप्तर कशाला घेतलंस?”

तिने पट्टा मुठीत धरला. काकूंनी मला खुणेने सांगितलं, उघडून बघ. मी चेन उघडली. आत पुस्तकं नव्हती. दोन फ्रॉक, टूथब्रश, कंपासपेटीत घडी करून ठेवलेला आईचा फोटो.

“किती दिवसांपासून भरलंयस हे?”

“तू टॅक्सीत लालबाग विसरलीस ना,” ती म्हणाली, “त्या दिवसापासून.” मग माझ्याकडे न बघता विचारलं, “आज जायचं का?”

शेजारच्या काकू तोंडाला पदर लावून बाल्कनीत निघून गेल्या. “नाय गो चेडवा, खंय जातंस,” असं पुटपुटत होत्या. ‘कुठेही जायचं नाही’ असं तिला सांगायची माझी मात्र छाती होईना, कारण ते खरं आहे की नाही मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी जे करायला गेले, ते नवऱ्याशिवाय आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

आमच्या सेक्शनमध्ये प्रसूती विभागाची जुनी रजिस्टरं आहेत. हल्ली सगळं कॉम्प्युटरवर असतं, पण तेव्हा हाताने लिहिलेलं रजिस्टरही ठेवत. जन्माची नोंद राहून गेली असेल तर आईबाप येतात, आम्ही रजिस्टर काढतो, त्यातली ओळ दाखवतो, दाखला देतो, आणि त्यावर पुढे जन्मदाखला मिळतो. हे मी शेकडो लोकांसाठी केलं होतं. हिच्या जन्मवर्षाचं रजिस्टर कुठल्या कपाटात, कुठल्या कप्प्यात आहे ते मला डोळे मिटून सांगता आलं असतं. आणि प्रत्येक रजिस्टरात कुठे ना कुठे एखादी ओळ कोरी सुटलेली असते. पानं चिकटतात, ड्युटी बदलते, लिहिणारी एक ओळ सोडून पुढे जाते.

जेवणाची सुट्टी होती. सगळे कॅन्टीनला गेले होते. मी रजिस्टर काढलं, पानं उलटत गेले आणि ती ओळ मला सापडली. वर एका बाईचं नाव, खाली दुसऱ्या बाईचं, मध्ये रिकामी जागा. मी ड्रॉवरमधून निळं पेन काढलं. जुन्या शाईशी जुळतं का ते कागदाच्या कपट्यावर बघितलं. जुळत होतं. एका ओळीने मुलगी मुंबईत जन्मली असती. मग ना व्हिसा, ना दुरुस्ती, ना एच. कोणाला कळलं असतं? मला कळलं असतं, पण त्या क्षणी ते मोठं वाटत नव्हतं.

पहिला रकाना तारखेचा. दुसरा आईच्या नावाचा.

तिथे माझं नाव लिहावं लागणार होतं. बहीण त्या वर्षी मुंबईत नव्हती, तिचं नाव चाललं नसतं. माझं नाव लिहिलं की बहिणीने ही मुलगी कधी जन्माला घातलीच नव्हती, असं झालं असतं. ती नऊ महिने उलट्या करत नोकरीला गेली ते नाही, बाळंतपणात फोनवर मला ‘ताई, मला घरी यायचंय’ म्हणाली ते नाही. कागदावरून ती पुसली गेली असती, आणि पुसणारी मी.

मी पेन मिटलं. रजिस्टर जागेवर ठेवलं. मग खुर्चीत बसले ती डबा न उघडता तशीच. कॅन्टीनमधून आलेल्या सहकारी बाईने विचारलं, “बीपी लो झालं का?” मी हो म्हटलं. व्हिसाच्या भीतीपेक्षा त्या दिवशी मला स्वतःची जास्त भीती वाटली.

घरी जाऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. रजिस्टरचं, आणि एच माझ्या हातून राहिला तेही.

त्याने ऐकून घेतलं आणि पान्ह्यांची पेटी पुढे ओढली. मी म्हटलं, “ओरडा तरी, अहो.”

“ओरडान काय एच येतलो?” तो म्हणाला. मग, “आजीक फोन लाव. थयसर वकील काय धावपळ करूचो नाय. ती करतली.”

मला ते सुचलंच नव्हतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गुडघ्यांनी अधू झालेली बाई काय करणार, म्हणून मी तिला काही कळवलंही नव्हतं. फोनवर सांगितलं तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला, “एच म्हंजे शेवटचं अक्षर ना?” ती शाळेत फार गेलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती शेजाऱ्यांच्या सुनेला घेऊन, दोन बस बदलून, कोर्टात गेली. वकिलाने सांगितलं की तारीख नाही. ती तिथल्या बाकावर बसून राहिली. तिसऱ्या दिवशीही गेली. चौथ्या दिवशी न्यायाधीशांच्या कारकुनाने तिला ओळखलं, ही ती पेन घेऊन घरी निघालेली आजी, आणि तिचा कागद आत नेला. हे मला त्या सुनेने नंतर सांगितलं. आजीने एवढंच सांगितलं, “जजानं विचारलं, नातवंडं एक की दोन? मी म्हटलं, मला एकच नात. दोन असत्या तर एक नसती का ठेवली मी?”

हुकूम दुरुस्त होऊन, शिक्क्यासह स्कॅन होऊन आमच्याकडे आला तेव्हा व्हिसा संपायला दोन दिवस होते. मूळ प्रत कुरिअरने निघाली होती, पोचली नव्हती.

आम्ही तिघं त्या कार्यालयात गेलो. आदल्या दिवशी मी एक गोष्ट केली होती, जिची मला अजून लाज वाटते. मुलीला समोर बसवून पढवलं होतं, “तिथे कोणी विचारलं ही कोण, तर आई म्हणायचं. मावशी नाही म्हणायचं. कळलं?” तिने मान हलवली नव्हती.

या खेपेला टेबलामागे एक बाई होत्या. त्यांनी स्कॅन बघितला, मूळ प्रत कुठे विचारलं, कुरिअरची पावती बघितली. मग चष्मा काढून मुलीकडे वळल्या.

“नाव काय तुझं?”

तिने सांगितलं.

“आणि या कोण?”

मुलीने माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे.

“मावशी.”

नवऱ्याचा हात माझ्या दंडावर आला.

“मावशी? मग आई कुठेय?”

“माझी आई वारली,” ती स्वच्छ मराठीत म्हणाली. “बाबा आधीच वारले. आजीचे पाय दुखतात. म्हणून कोर्टाने मला मावशीला दिलं. काका पण आहेत.” आणि तिने नवऱ्याकडे बोट दाखवलं, तो राहून जाऊ नये म्हणून.

बाई कागदाकडे वळल्या. मृत्यूचे दोन दाखले, आजीची संमती, हुकूम. एकामागून एक पान उलटत गेल्या. मुलगी जे म्हणाली तेच तिथे होतं, त्याच क्रमाने. तिने आई म्हटलं असतं तरी कागद तेच होते, पण मग तिच्या तोंडचं आणि कागदावरचं जुळवत बसावं लागलं असतं.

“कोणी शिकवलं तुला असं सांगायला?” बाईंनी विचारलं.

“मावशीने दुसरं शिकवलं होतं,” ती म्हणाली.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या ओठांची कड जराशी हलली. त्या म्हणाल्या, “मूळ प्रत आली की आठवड्यात आणून दाखवा. तोवर मुदतवाढीला हरकत नाही.” आणि पुढच्याला हाक मारली.

बाहेर फुटपाथवर मी मुलीला म्हटलं, “मी चुकीचं सांगितलं होतं तुला.”

“हो,” ती म्हणाली. “आता भूक लागली.”

आम्ही गिरगावात जाऊन एका खानावळीत जेवलो. नवऱ्याने तीन सोलकढ्या मागवल्या आणि तीनही स्वतः प्यायला. घरी आल्यावर मुलीने दप्तर पलंगावर उपडं केलं. फ्रॉक कपाटात ठेवले, टूथब्रश मोरीत. आईचा फोटो नवऱ्याने फ्रेम करून आणला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावला, कारण तिला तो तिथे हवा होता.

नागरिकत्व त्यानंतर अडीच वर्षांनी मिळालं. मध्ये आणखी दोन मुदतवाढी, आणखी दोन पडताळण्या. दर वेळी बेल वाजली की मी आधी दाराच्या काचेत खाकी शोधायचे, पण मुलीला मी पुन्हा कधी शेजारी लपवलं नाही. दार तीच उघडायची. तिचा जुना पासपोर्ट परत करावा लागला. ती त्यावर हात ठेवून थोडा वेळ बसली, मग माझ्याकडे दिला.

या मे महिन्यात आम्ही तिघं आजीला भेटायला गेलो. तिथल्या विमानतळावर रांगेत मी पुन्हा पुन्हा नावं जुळवून बघत होते. तीन निळे पासपोर्ट हातात असून बघत होते. काउंटरवरच्या तरुणाने जन्मस्थानाच्या ओळीकडे पाहिलं आणि मुलीला क्रिओलमध्ये काहीतरी विचारलं. ती हसून भराभर बोलली. मला एक अक्षर कळलं नाही. त्याने आणखी काही विचारलं, तिने मान हलवली, पुन्हा बोलली. मी दोघांच्या तोंडाकडे बघत उभी.

“काय झालं?” मी तिच्या कानाशी विचारलं. “काय विचारतोय?”

“काही नाही गं. किती दिवस राहणार विचारलं. मी म्हटलं पंधरा, मग माझी शाळा आहे.”

त्याने तीन शिक्के मारले. आम्ही बॅगा घेऊन बाहेर आलो. गर्दीच्या पुढे, कठड्याला धरून, आजी उभी होती, आणि मुलगी माझा हात सोडून तिच्याकडे पळाली.